जाळीखालील पोकळी आणि तिची तजवीज

रणगाड्याच्या प्लास्टिक प्रतिकृतीकडे पाहणारा मनुष्य प्रथम तोफ पाहतो, मग बुरूज, मग पट्टे आणि चाके. आणि एवढे पाहून झाल्यावर, प्रतिकृती मनात भरली असेल तर, मान किंचित उंचावून तिच्या पाठीवर, म्हणजे इंजिनावरील पोलादी छतावर, दृष्टी टाकतो. इंजिनाला हवा मिळावी आणि त्याची उष्णता बाहेर पडावी म्हणून या छतात जी लहानमोठी तोंडे ठेवलेली असतात, त्यांच्या जागी पूर्वीच्या किटांत जाळीचा नुसता उठाव प्लास्टिकमध्येच ओतलेला असे, आणि तो दिसायला ओबडधोबड असला तरी निदान त्यातून पलीकडचे काही दिसत नसे. पुढे पातळ पितळी पत्र्यातून रासायनिक प्रक्रियेने कोरून काढलेल्या जाळ्या मिळू लागल्या, कित्येक उत्पादक त्या किटाच्या खोक्यातच देऊ लागले, आणि जे तोंड केवळ नावाला तोंड होते ते खरोखरच उघडे झाले. उघडे झाले म्हणून त्यातून डोकावता येऊ लागले, आणि डोकावून पाहावे तो आत इंजिन नाही, पंखा नाही, नळ्या नाहीत. आहे ती फिकट प्लास्टिकची कोरी तळपाटी, तिच्यावर वाळलेले गोंदाचे ओघळ, आणि कोठल्याशा फटीतून वर येणारा, प्रतिकृती ज्या मेजावर ठेवली आहे त्या मेजाचाच रंग. बाहेरून महिनोन् महिने खपून उभारलेले पंचेचाळीस टनांचे पोलाद या एका दर्शनाने क्षणात रिकाम्या डब्याच्या योग्यतेस येते. त्या पोकळीचा बंदोबस्त कसा करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही पोकळी मुळात आली कोठून, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. टामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर या जर्मन रणगाड्याची जी चालती प्रतिकृती बाजारात आणली, तिच्या पोटात विजेची मोटर आणि सेल मावले पाहिजेत या हिशेबाने तिचे आकारमान ठरले होते. मूळ रणगाड्याशी त्या आकारमानाचे प्रमाण पाहू गेल्यास ते सुमारे १/३५ भरले, आणि पुढे हेच काहीसे चमत्कारिक प्रमाण या छंदात जगभर प्रमाणभूत होऊन बसले. तेव्हा ज्या पोकळीची आज आपणांस अडचण वाटते ती मुळात सेलांची हक्काची जागा होती. काळाच्या ओघात मोटर गेली, पण तिच्यासाठी केलेली व्यवस्था पुष्कळ जुन्या साच्यांतून तशीच मागे राहिली: तळाला बटणासाठी व स्क्रूसाठी पाडलेली भोके, मागच्या बाजूस दंतचक्रांच्या आसासाठी ठेवलेली खाच, आणि सर्वांत उपद्रवी म्हणजे पट्ट्यांच्या वर दोहों अंगांनी बाहेर आलेल्या कवचाचा तळ, जो कित्येक किटांत दिलेलाच नसतो. या शेवटच्या उणिवेचे महत्त्व पुढे कळून येईल.

उपाय सांगण्यापूर्वी, उपायाची गरज कोठे नाही तेही सांगितले पाहिजे, कारण या छंदातील माणसांना श्रमाचे वावडे नसते आणि जेथे काही दिसणारच नाही तेथेही ती आनंदाने पंधरवडा घालवतात. किटात जाळी वा झिलमिली ओतीव असेल आणि आपण ती कापून काढणार नसाल, तर तिच्या खोलगट रेषांतून पातळ केलेला काळपट तपकिरी रंग वाहू द्यावा व तेथेच थांबावे. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या एम४ए१ या प्रकारात नऊ सिलिंडरांचे वर्तुळाकार विमानी इंजिन होते, आणि त्याची हवा बुरुजाच्या मागील एका कवचबद्ध झाकणाखालून आत ओढली जाई. तेथे वरून पाहणाऱ्यास उघडी जाळी अशी दिसतच नाही. १/७२ प्रमाणाच्या लहान प्रतिकृतीत जाळीची छिद्रे इतकी बारीक असतात की तिच्याखाली काळा रंग दिलेला एक तुकडा चिकटवला तरी पुष्कळदा काम भागते. खरा प्रश्न आहे तो १/३५ व त्याहून मोठ्या प्रतिकृतींचा, आणि त्यातही पँथर, टायगर, टी-३४ यांसारख्या, ज्यांच्या पाठीचा मोठा हिस्सा हवेच्या तोंडांनीच व्यापलेला आहे त्यांचा.

अशा ठिकाणी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो आतून काळा रंग फासण्याचा; आणि बहुतेकांची निराशा होते तीही येथेच. काळा रंग फासलेला पृष्ठभाग काळा दिसतो हे खरे, परंतु तो काळ्या रंगाचा पृष्ठभाग म्हणूनच दिसतो. त्याच्यावर प्रकाश पडला की ब्रशाच्या रेघा दिसतात, जोड दिसतो, कानाकोपरा दिसतो, आणि डोळ्यांस जो अंधार हवा असतो तो काही मिळत नाही. अंधार कसा उत्पन्न होतो याचा खुलासा भौतिकशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. किर्खोफ याने १८६० मध्ये सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या आदर्श कृष्णपदार्थाची कल्पना मांडली, आणि असा पदार्थ प्रयोगशाळेत आणावा कसा या प्रश्नाला लुमर व वीन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये असे उत्तर सुचविले की एक पोकळ पेटी घ्यावी व तिला एक लहानसे छिद्र पाडावे. त्या छिद्रातून आत गेलेला किरण भिंतींवर पुनःपुन्हा आपटत राहतो, दर आघाताला काही अंशी शोषला जातो, आणि पुन्हा नेमका त्याच छिद्रातून बाहेर पडण्याचा योग त्याला क्वचितच येतो, म्हणून ते छिद्र जवळजवळ परिपूर्ण काळे असते. भर दुपारी रस्त्यावरून पाहिले असता समोरच्या वाड्याची उघडी खिडकी काळीभोर दिसते, मग आतल्या भिंतींना पांढरा चुना का लावलेला असेना. मात्र मागचे परसाकडील दार कोणी उघडले की त्याच खिडकीतून घरातील भांडीकुंडी मोजता येतात. आपल्या प्रतिकृतीची कैफियत याहून निराळी नाही. जाळीच्या खाली पोकळी आहे हा दोष नसून त्या पोकळीला दुसरे दार आहे हा दोष आहे, आणि ते दार बंद करीपर्यंत रंगाच्या बाटलीला हात लावण्यात फारसा अर्थ नाही.

ही दारे शोधून काढण्याची युक्ती सोपी आहे. धडाचे वरचे व खालचे भाग गोंद न लावता एकमेकांवर बसवावेत, चिकटपट्टीने आवळावेत, बुरुजाच्या वर्तुळातून एक लहानशी विजेरी आत सोडून ते वर्तुळ कापडाने झाकावे आणि खोलीतील दिवे मालवावेत. ज्या ज्या फटीतून प्रकाश बाहेर येताना दिसेल त्या त्या फटीतून उद्या तो आतही जाणार आहे, याची खातरजमा अशा रीतीने घटकाभरात होते. पट्ट्यांच्या वरचा उघडा तळ येथे सर्वांत जास्त उजळून निघेल. आणि हा उजेड फसवा असतो, कारण चाके व पट्टे बसवल्यावर ती बाजू आपल्या नजरेआड जाते, पण प्रकाशाच्या नजरेआड जात नाही. तेथे अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटची पट्टी, प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून व तो बसवून पाहून मग बेतावी आणि द्रव सिमेंटाने पक्की करावी. तळाची भोके आतून तुकडे लावून बुजवावीत. ती बाहेरून पुट्टीने भरून गुळगुळीत करणे हा निराळा मामला असून त्याचा संबंध केवळ प्रतिकृती उलटी करून पाहणाऱ्यांशी आहे. वरच्या व खालच्या धडाच्या सांध्यावर आतून काळ्या कागदाची पट्टी चिकटवावी. बुरूज बहुधा काढता-घालता ठेवलेला असतो, आणि त्याचे झाकण उघडे ठेवून आत मनुष्याकृती बसवायची असेल तर तेथूनही उजेड आत शिरतो; म्हणून बुरुजाचे वर्तुळ आणि इंजिनाचा भाग यांच्यामध्ये एक पूर्ण उंचीची आडवी पडदी घालावी. खऱ्या रणगाड्यातही लढाऊ कक्ष आणि इंजिन यांच्यामध्ये आगीपासून संरक्षणासाठी अशी पोलादी भिंत असतेच, तेव्हा येथे सत्य आणि सोय यांचा सुदैवाने तह झालेला आहे.

उजेडाच्या वाटा बंद झाल्यावर मग नजरेच्या वाटांचा विचार करावा, आणि त्याला थोडीशी भूमिती लागते. प्रतिकृती मेजावर ठेवली असता आपण तिच्याकडे सरळ वरून क्वचितच पाहतो. साधारणपणे दृष्टी तिरपी, सुमारे ४५ अंशांनी, पडते. समजा, हवेचे तोंड १५ मिलिमीटर रुंद आहे आणि त्याच्या कडांना लागूनच खाली उभ्या भिंती सोडलेल्या आहेत. तर ४५ अंशांनी आत गेलेली नजर १५ मिलिमीटर खाली जाईतो समोरच्या भिंतीवर आदळलेली असते, आणि पेटी त्याहून खोल असेल तर तळ तिला दिसतच नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की तळ सजवीत बसण्यापेक्षा तोंडाच्या कडांना लागून भिंती उभ्या करण्यात अधिक शहाणपण आहे, आणि दोन कोऱ्या पट्ट्या जे कार्य साधतात ते अर्धवट केलेल्या इंजिनाने साधत नाही. तळ सपाट न ठेवता एका बाजूस उतरता ठेवला तर सरळ वरून येणारा प्रकाशही परत वर न जाता भिंतीकडे वळतो. छायाचित्र काढणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारून सुटतो, म्हणजे ज्या वाटेने आपण पाहतो जवळपास त्याच वाटेने आत शिरतो, आणि डोळ्यांनी चुकवलेला सपाट तळ तो चव्हाट्यावर मांडतो.

आता पँथरचे उदाहरण घेऊन हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहू. १९४३ च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत प्रथम उतरलेल्या या रणगाड्यात मायबाख कंपनीचे एचएल २३० हे बारा सिलिंडरांचे, २३ लिटरांचे पेट्रोल इंजिन होते, आणि त्याची मांडणी एका विशिष्ट मागणीमुळे ठरली होती: रणगाड्याला नदीच्या तळावरून चालता आले पाहिजे. त्यासाठी इंजिनाचा मधला कक्ष पाणी न शिरेल असा बंद केला, आणि रेडिएटर व पंखे त्याच्या दोन बाजूंना स्वतंत्र कक्षांत ठेवले, जेणेकरून पाण्याखाली गेल्यावर हे बाजूचे कक्ष खुशाल भरून जावेत. या बंदिस्तपणाने मधल्या कक्षात हवा पुरेशी खेळेना, आणि आरंभीच्या पँथरना इंजिनात आगी लागण्याची जी दुष्कीर्ती मिळाली तिचे एक कारण हेही होते. परंतु प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ही मांडणी वरदान आहे. छताच्या प्रत्येक बाजूला मध्ये एक वर्तुळाकार तोंड आणि त्याच्या मागे-पुढे एकेक आयताकृती तोंड अशी तीन-तीन तोंडे दिसतात; आयताकृती तोंडांतून हवा आत येई, रेडिएटरांतून जाई आणि वर्तुळाकार तोंडाखालच्या पंख्याने बाहेर फेकली जाई. म्हणजे मधल्या कक्षापासून या बाजूंना विभागणाऱ्या दोन लांब पडद्या आपण प्लास्टिक शीटच्या घातल्या की इतिहासही राखला जातो आणि एका बाजूच्या जाळीतून थेट दुसऱ्या बाजूच्या जाळीखाली पाहता येण्याचा जो सर्वांत लाजिरवाणा प्रकार, तोही बंद होतो.

या बाजूच्या कक्षांत काय ठेवावे? माझे मत असे की नजरेला अडखळण्यापुरती एक वस्तू ठेवावी आणि तिच्या पलीकडे अंधारावर सोपवावे. वर्तुळाकार तोंडाखाली पंखा हवाच, कारण तेथील जाळी विरळ आणि नजर सरळ असते. पातळ शीटची चकती कापून तिला परिघाकडून केंद्राकडे समान अंतरावर चिरा द्याव्यात, मध्यभाग अखंड ठेवावा, प्रत्येक पाते चिमट्याने एकाच दिशेने किंचित पिळावे आणि मध्ये एक लहान गोल चकती तुंब्यासारखी बसवावी. पाती मोजायला कोणी येणार नाही, पण ती सारखी पिळलेली नसतील तर ते मात्र जाळीतूनही कळते. आयताकृती तोंडांखाली रेडिएटरचा आभास पुरे: बारीक खाचांचे तयार शीट मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास साध्या शीटवर पोलादी पट्टीच्या आधाराने अगदी दाट समांतर रेषा ओरखडाव्यात. पंखा जाळीच्या खाली पाच-सहा मिलिमीटरांवर आणि रेडिएटर त्याहून थोडा खाली ठेवला की दोहोंत जो उंचसखलपणा येतो, त्याने खोलीचा भास पुष्कळ वाढतो. १९४४ च्या ऑक्टोबरापासून पँथर जी प्रकारात डाव्या पंख्यावर लढाऊ कक्ष उबदार ठेवण्यासाठी एक उंच धातूचे आवरण बसविले जाऊ लागले. त्या काळातील रणगाडा करणार असाल तर एका पंख्याचे कष्ट जर्मन अभियंत्यांनीच बरेचसे वाचवले आहेत.

रंगाविषयी आता बोलता येईल. भिंती, तळ आणि जाळीच्या चौकटीची खालची बाजू यांना काळा रंग द्यावा, आणि तो निखालस मॅट असावा. तुकतुकीत काळा रंग म्हणजे आरसाच. फोटो-स्टुडिओत वापरतात तसा काळा कागद किंवा काळी मखमल भिंतींना लावली तर रंगापेक्षाही गडद अंधार मिळतो, फक्त मखमलीच्या सुटणाऱ्या केसांना पक्के चिकटवण्याची दक्षता हवी. पंखा आणि रेडिएटर यांना मात्र काळा रंग देऊ नये, नाहीतर ज्यासाठी ते केले ते व्यर्थ होते. जर्मन रणगाड्यांच्या इंजिनकक्षात लाल अस्तररंगच बहुधा तसाच ठेवलेला असे. तेव्हा पंख्याला तो लाल देऊन, वरून काळपट तपकिरी पातळ रंगाने मळवून, पात्यांच्या कडांवर कोरड्या ब्रशाने किंचित धातूचा करडा रंग फिरवला तर जाळीतून तो जेमतेम जाणवतो, आणि जेमतेम जाणवणे हेच येथे अभीष्ट आहे. ज्यांना लाल रंगाविषयी निश्चिती नाही त्यांनी टामियाच्या रंगांत मिळणारा नेटो ब्लॅक नावाचा करडेपणाकडे झुकणारा काळा वापरावा. शुद्ध काळ्या भिंतींपुढे तो धातू म्हणून वेगळा उठतो.

टी-३४ ची गोष्ट निराळी. त्याचे व्ही-२ हे सुमारे ३८.८ लिटरांचे, ५०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन लांबीच्या दिशेने मध्ये, त्याच्या दोन बाजूंना रेडिएटर आणि मागे, मुख्य क्लचवर बसवलेला, मोठा केंद्रोत्सारी पंखा अशी रचना होती. दोहों बाजूंच्या झिलमिलींतून थंड हवा आत ओढली जाई आणि तापलेली हवा मागच्या बाजूने, फुगीर जाळीच्या मोठ्या चौकटीखालून बाहेर पडे. पुष्कळ लोक ही मागची जाळी मोठ्या उत्साहाने पितळी करतात आणि तिच्याखाली खोल काळी विहीर ठेवतात. खऱ्या रणगाड्यात तेथे विहीर नव्हती; जाळीच्या लगेच खाली, हवा कमीजास्त करण्यासाठी उघड-मीट करता येणाऱ्या आडव्या पोलादी झडपा होत्या. म्हणून येथे सत्यही सोपे आहे: शीटच्या अरुंद पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढतील अशा तिरप्या ओळीने लावाव्यात, त्यांना बाहेरच्या कवचाचाच हिरवा रंग द्यावा, आणि पट्ट्यांमधील फटींत काळा रंग सोडावा. असे केल्यावर आतल्या पोकळीचा प्रश्नच उरत नाही. बाजूंच्या झिलमिलींची पाती तिरपी असल्याने त्यांतून नजर फारशी आत शिरत नाही. खाली एक काळी पट्टी लावली की पुरे.

शर्मनच्या एम४ए३ प्रकारात फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरांचे व्ही आकाराचे इंजिन असून त्यावरील दोन प्रशस्त दारे गजांनी बनलेली असतात, आणि ती कापून उघडी केल्यास खाली बरीच मोठी जागा दिसते. तेथे सिलिंडरांच्या दोन रांगांची डोकी सुचविणारे दोन लांबट ठोकळे, मध्ये एक जाड नळी आणि भोवती काळोख एवढे पुरते. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या झिलमिलींना तर तिरप्या पात्यांमुळे स्वतःचा अंधार असतो. ज्यांना हे रणगाडे प्रत्यक्ष पाहायचे असतील त्यांनी अहिल्यानगर येथील, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या, रणगाडा संग्रहालयात अवश्य जावे. भारतीय सैन्याने १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन तेथे आहे. मात्र तेथे गेल्यावर एक हिशेब करावा. आपण १/३५ ची प्रतिकृती हातभर, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर अंतरावरून पाहतो. त्याच प्रमाणात खरा रणगाडा पाहायचा तर त्याच्यापासून १४ मीटर दूर आणि ४५ अंशांची तिरपी नजर राखायची तर जवळजवळ १० मीटर उंचीवर, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या सज्जात, उभे राहावे लागेल. तेवढ्या अंतरावरून जाळीखाली इंजिनाच्या नळीचा कोणता नट दिसणार आहे? कंबर वाकवून, जाळीला नाक लावून घेतलेल्या छायाचित्रांवरून जे तपशील आपण प्रतिकृतीत कोंबतो, ते बहुधा अशा अंतराचे असतात जे प्रेक्षकाच्या वाट्याला कधी येतच नाही.

जाळी बसविण्याच्या क्रमाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आतली सारी व्यवस्था चोख करूनही अखेरीस काम बिघडते ते येथे. जाळी आधी चिकटवून मग धडाला एअरब्रशने मूळ रंग दिला तर रंगाची धूळ छिद्रांतून आत जाऊन काळ्या भिंतींवर व पंख्यावर पिवळा वा हिरवा थर बसवते, आणि तो पुसायला हात आत जात नाही. म्हणून शक्य तेथे जाळ्या वेगळ्या, पट्टीवर चिकटवून रंगवाव्यात, धडाची तोंडे ओल्या कागदाच्या बोळ्यांनी बंद करून धड रंगवावे आणि शेवटी दोहोंचा संयोग करावा. जाळीवर रंग अगदी पातळ, दोन-तीन हलक्या थरांत द्यावा. एका जाड थराने छिद्रे बुजतात, आणि बुजलेली जाळी म्हणजे आपण जेथून निघालो त्याच ओतीव प्लास्टिकवर परत येणे होय. जाळी चिकटवण्यासाठी सायनोॲक्रिलेट गोंद, ज्याला आपण फेविक्विक या नावाने ओळखतो, फार हात राखून वापरावा. त्याची वाफ बंद जागेत पांढऱ्या धुक्याच्या रूपाने बसते आणि काळ्या पेटीत ती सर्वांआधी दिसते. जाळीला काही भार पेलायचा नसतो, त्यामुळे वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा फेविकॉल थेंबाथेंबाने कडेला लावणे पुरेसे होते, आणि पुढे उघडण्याची पाळी आलीच तर तो निघतोही. टी-३४ ची जाळी फुगीर असल्याने ती वाकवण्यापूर्वी पितळ आचेवर धरून रंग बदलेपर्यंत तापवावे व सावकाश निवू द्यावे. तसे केल्याने ते मऊ होते आणि मडक्याच्या पाठीवर वा चमच्यावर दाबून हवा तो बाक घेते. चिमट्यानेच धरावे हे सांगणे नलगे.

पितळी जाळ्या परदेशातून मागवाव्या लागतात आणि त्यांवर टपालखर्च व सीमाशुल्क बसून त्यांची किंमत किटाच्या बरोबरीला जाते, ही तक्रार वाजवी आहे. तिला उतार म्हणून चहाच्या बारीक गाळणीची धातूची जाळी वापरता येते. पण तिचे प्रमाण तपासून घ्यावे. खऱ्या जाळीतील एक सेंटिमीटरचे छिद्र १/३५ मध्ये ०.२९ मिलिमीटर होते, आणि बाजारातील काही गाळण्या याच्या आसपास असल्या तरी काही पुष्कळ विरळ निघतात. रेशमी वा नायलॉनची जाळी रंगाने फुगते व सैल पडते. ती आधी ताणून चौकटीवर चिकटवल्याशिवाय वापरू नये.

ज्यांची प्रतिकृती आधीच चिकटवून, रंगवून पूर्ण झाली आहे आणि जाळीखालची पोकळी आता डोळ्यांत सलते आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. बुरूज निघत असेल तर त्याच्या वर्तुळातून काळ्या कागदाची दुमडलेली पेटी आत सरकवावी; कागद आत गेल्यावर वाकड्या चिमट्याने तिच्या घड्या उलगडाव्यात, म्हणजे ती आपोआप भिंतींना टेकते. काळ्या स्पंजाचे तुकडे याच वाटेने मागे सारणे त्याहून सोपे, आणि स्पंजाच्या असंख्य छिद्रांमुळे तो उजेड गिळण्यात कागदापेक्षा सरसही ठरतो. बुरूज पक्का चिकटलेला असल्यास खालचा तळ कापण्यावाचून गत्यंतर नाही. पट्ट्यांच्या मधल्या भागात, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, एक चौकोन काढावा, काम उरकावे आणि तोच तुकडा परत बसवावा. पातळ काळा रंग ब्रशाने जाळीतून थेंबाथेंबाने सोडण्याचा एक तोडगा काही लोक सांगतात. त्याने तळ काळा होतो, हे कबूल. परंतु जाळीच्या छिद्रांतही तो अडकतो आणि बाहेरच्या रंगावर डाग पडतात, म्हणून मी तो निरुपाय झाल्याखेरीज सुचविणार नाही.

राहता राहिला संपूर्ण इंजिनाचा प्रश्न. रेझिनची, शेकडो भागांची, नळ्या-तारांसह इंजिने मिळतात आणि ती खरोखर देखणी असतात. झाकणे उघडी ठेवून दुरुस्तीचा देखावा करणार असाल तर ती जरूर घ्यावीत. पण बंद जाळीखाली तसे इंजिन बसवणे म्हणजे ते पुरणेच होय, आणि पुरलेल्या वस्तूचे छायाचित्र सोबत मांडून ‘आत हे आहे’ असे प्रेक्षकांस सांगत राहण्याची पाळी मग येते. तेवढा पैसा व वेळ चाकांवरील चिखलाला आणि पट्ट्यांच्या योग्य सैलपणाला दिला तर प्रतिकृतीचे भले अधिक होते.

आपल्या हवेत मात्र एक शत्रू उरतो, त्याची दखल घेतली पाहिजे. उन्हाळ्यात देशावरची धूळ आणि पावसाळ्यात कोकणातील ओल ही दोन्ही उघड्या जाळीतून आत जातात. धुळीचा पातळ थर काळ्या तळावर बसला की तो करडा होतो आणि वर्षभरात अंधाराचा पुष्कळसा अंश नाहीसा होतो, तर ओलीने कागदाच्या पेट्यांना बुरशी धरते. म्हणून दमट गावी राहणाऱ्यांनी आत कागद न वापरता प्लास्टिक शीट व रंग वापरावा, सर्वांनीच प्रतिकृती काचेच्या वा ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवावी, आणि दर काही महिन्यांनी जाळीवरून मऊ ब्रश फिरवून, रबरी फुग्याच्या फुंकणीने हवा आत न मारता तिरपी, जाळीला समांतर मारावी, म्हणजे धूळ आत ढकलली जात नाही. आतली धूळ काढायची असेल तर बुरूज उतरवून त्याच्या वर्तुळातून, मऊ नळीने व हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने काढावी. आणि त्यासाठी बुरुजाच्या वर्तुळामागील पडदीला, ती बसवतानाच, एक बोटभर झडप ठेवून एरवी ती काळ्या चिकटपट्टीने बंद करून टाकावी.